त्याआधी काय बदललं?

विषय: मंगळवार, ४ मार्च, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर घडलेला प्रकार.

शुक्रवार, ७ मार्च

चि. मुंगीस,
अ. आ.

वरचा विषय वाचून हसू नकोस. पाणीपुरवठ्याच्या तक्रार-खिडकीमागे एकतीस वर्षं बसले मी. ज्या तक्रारीवर तारीख आणि वेळ नसते, ती टोपलीत जाते. तुझ्या पत्रात तू नेहमीप्रमाणे सगळं मऊ करून लिहिलं होतंस, की डॉक्टर घाईत होते, बिचाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यातला मऊपणा मी काढून टाकला. उरलं ते असं: तीन महिन्यांत आठ किलो वजन गेलेली, छाती धडधडणारी, हात थरथरणारी सत्तावन्न वर्षांची बाई दोन तास बाकावर बसते. डॉक्टर दाराची मूठ धरून उभ्याउभ्याच सांगतात, की थायरॉइडची ग्रंथी नको तेवढं काम करते आहे, सुजलेली दिसते, आपोआप निवेल, सहा आठवड्यांनी या. आणि दार लावून घेतात. सगळं मिळून चाळीस सेकंद! नळ गळतो म्हणून भांडायला आलेल्या माणसालासुद्धा मी खुर्ची देत असे.

मी स्वस्थ बसलेली नाही. काल आणि आज मिळून चार खेपा वाचनालयात घालून वैद्यकाची जाडजूड पुस्तकं उघडली. तिथला ग्रंथपाल आता मला बघितलं की पाणी आणून ठेवतो. ग्रंथी अशी बेफाम सुटते त्याला कारणं बरीच असतात म्हणे. कधी शरीराची स्वतःची राखणदार फौजच तिच्या मागे लागते आणि तिला पळवत ठेवते. तुझी त्याची रक्ततपासणी स्वच्छ आली, म्हणजे ते नाही. कधी ग्रंथीत जुनी गाठ असते आणि ती एक दिवस कुणाचं न ऐकता आपल्या मर्जीने कामाला लागते. कधी सूज येते, साठवलेलं सगळं एकदम रक्तात सांडतं, आणि साठा संपला की शांत होतं. तुझे डॉक्टर या सुजेवर अडून बसले आहेत, कारण तुला ते किरणांचं औषध पाजून गळ्याचं चित्र काढलं तेव्हा ग्रंथीने त्यातलं काहीच ओढून घेतलं नाही. जिला सूज असते ती ग्रंथी असंच करते, हे पुस्तकातही आहे. पण त्यांनी चित्र पाहिलं. तुला कुठे पाहिलं?

खिडकीवर माणूस आला की आधी रडायचा, मग साहेबांचा उद्धार करायचा. मी त्याला एकच विचारायची, की त्याआधी काय बदललं? नवा पाइप टाकला? शेजाऱ्याने मोटर बसवली? दहांतल्या नवांचं उत्तर तिथेच सापडायचं. मग आता मीच विचारते. तुझी धडधड डिसेंबरात सुरू झाली. त्याआधी काय बदललं? मला तरी दिसतं ते एवढंच, की नोव्हेंबरात तुझ्या घरात सून आली आणि स्वयंपाकघर तिच्या हाती गेलं. मी आरोप करत नाही. नोंद करते आहे.

नवी बाटली पार्सलात आहे, बिस्किटांच्या डब्यात, कापसात गुंडाळून. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या औषधवाल्याशिवाय आयोडीनचे थेंब आता कुणी नीट बनवून देत नाही. रोज सकाळी तीन, दुधातून. शाळेची नर्स, आपली बाटलीसिस्टर, दर सोमवारी एकच द्यायची, पण तेव्हा आपण वीतभर होतो. त्या रांगेतल्या साठ मुलींपैकी एकीच्याही गळ्याला पुढे गाठ राहिली नाही. राहिली फक्त तुझ्या, कारण तू दूध झाडाच्या कुंडीत ओतायचीस आणि मी तुझी चुगली करत नसे. त्याचं प्रायश्चित्त आता दोघी मिळून घेऊ.

माझा राग तुझ्यावर नाही. तुझ्या वाट्याला येते ती नुसती माया. ती सांडू देऊ नकोस.

तुझी,
ताई

सोमवार, १७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. बिस्किटं सूनबाईने आणि मी मिळून दोन दिवसांत संपवली. खरं म्हणजे मीच. मला हल्ली भूक अशी लागते, की जेवून उठते आणि भांडी विसळता विसळता पुन्हा लागते. तरी काल आरशात पाहिलं तर ब्लाउज माझ्या अंगावर नव्हता, खुंटीवर होता. लेक म्हणतो, आईला घरात शोधायला आता चष्मा लागेल.

तू सूनबाईचं लिहिलंस ते वाचून मी पत्र उशीखाली ठेवलं. ताई, ती पोर चांगली आहे. मी काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, नाडी किती होती, सगळं एका वहीत लिहिते. तुझ्या ऑफिसात असती तर तू तिला बढती दिली असतीस.

कामाचं सांगते, कारण तेच टोचतं आहे. आमच्या नकली डोळ्यांच्या कारखान्यात एक निवृत्त शिक्षक येतात, भूगोल शिकवायचे. अपघातात डावा डोळा गेला. उजवा आहे तो चहाच्या रंगाचा, आणि कडेला जरा हिरवट, जसं तळ्याच्या काठचं पाणी असतं. असा डोळा मला पंचवीस वर्षांत तीनदा मिळाला असेल. त्यांना समोर बसवून मी चकतीवर रंगाचे अकरा थर दिले. बाहुली झाली, कडा झाली. राहिल्या त्या पांढऱ्यावरच्या शिरा. त्यासाठी लाल रेशमाचा धागा उसवून केसाहून बारीक करायचा, चिमट्याने उचलायचा आणि वळणावळणाने बसवायचा. त्याशिवाय डोळा कितीही सुंदर रंगवा, बाहुलीचाच वाटतो. ताई, माझ्या चिमट्यात तो धागा असा थरथरतो जशी काही त्याला थंडी वाजते आहे. चार दिवस सकाळी लवकर गेले. कोपरं टेबलाला टेकवली, श्वास धरला. एक शीर बसली नाही. मास्तर काळी पट्टी लावून येतात आणि म्हणतात, की घाई नाही, अर्धं जग बघायची आता सवय झाली आहे. मालकांनी मला तात्पुरतं पॉलिशच्या खोलीत बसवलं आहे. तात्पुरतं हा शब्द त्यांनी तीनदा उच्चारला.

डॉक्टरांनी मागच्या खेपेला विचारलं होतं, की आणखी कुठलं औषध चालू आहे का. मी रक्तदाबाची गोळी सांगितली, दुसरं औषध काहीच नाही. तुझे थेंब मात्र नेमाने घेते, आणि घेताना अजून तस्संच तोंड करते. बाटलीवर रोज पेन्सिलीने रेघ मारते, म्हणजे तू आलीस की तपासता येईल. आता कुंडीत ओतत नाही हो.

मे महिन्याच्या आधी येऊ नकोस. तू आलीस तर रुग्णालयात भांडशील, आणि मला तिथे पुन्हा जायचं असतं.

माझ्यावरची नजर अशीच ठेव, फक्त जरा कमी वटारून.

तुझी,
मुंगी

सोमवार, २४ मार्च

चि. मुंगीस,
अ. आ.

तुझं रेशमाच्या धाग्याचं वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दिवशी मी रुग्णालयाच्या अधीक्षकांना रजिस्टर पत्र घातलं. तीन पानं. तारीख, वेळ, दाराची मूठ, चाळीस सेकंद, सगळं त्यात आहे. मी स्पष्ट लिहिलं आहे, की जिच्या हातावर दुसऱ्यांचे डोळे अवलंबून आहेत, तिच्या हाताबद्दल आपोआप निवेल असं सांगणं हा उपचार नाही, ती सुटका करून घेणं आहे. सात आठवड्यांत लेखी उत्तर मागितलं आहे. ते येईल, कारण दिलेली तक्रार मागे घ्यायची मला सवय नाही.

पुस्तकात पुढे वाचलं. आणखी एक कारण सापडलं आणि मी टेबलावर थाप मारली, ग्रंथपाल दचकला. आयोडीन पोटात फार गेलं तरी ग्रंथी उधळते, विशेषतः जिच्यात जुनी गाठ आहे ती. मला लगेच उमगलं. मीठ! बाजारातल्या मिठात हल्ली आयोडीन घातलेलं असतं. तुझी नवी आचारीण हाताला येईल तेवढं घालत असणार. मी अधीक्षकांच्या पत्रात तेही लिहिलं आहे, सुनेच्या हातचं मीठ तपासून घ्यावं म्हणून. तू चिडशील. चीड. मी एकतीस वर्षं लोकांच्या चिडण्यावर पगार घेतला आहे.

आता तू विचारशील, की मग आपल्या थेंबांचं काय. मीही स्वतःला विचारलं. मी न तपासता कुठली फाईल पुढे पाठवत नाही. पण थेंब हे औषध आहे, मोजून दिलेलं. तुझ्या गाठीला आयोडीन कमी पडलं म्हणून ती वाढली, हे आईच्या गळ्यावरच्या गाठीवरून आपल्याला ठाऊक आहे. ज्याला मुळात कमी आहे त्याला जास्त कसं होईल? आणि बाटलीसिस्टर काही वेडी नव्हती. तिने माझा टायफॉइड बरा केला, तुझ्या केसांतल्या उवा काढल्या, आणि स्वतःच्या कंबरदुखीबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. दार धरून उभ्या राहणाऱ्या चार डॉक्टरांपेक्षा माझा तिच्यावर भरवसा जास्त.

तू फार अशक्त झाली आहेस, तेव्हा आता तीनाचे पाच कर. मिठाचा डबा मात्र बदलायला लाव.

मास्तरांना सांग, की त्यांचा डोळा तूच पुरा करणार आहेस. मी शब्द देते, आणि माझ्या शब्दाला पावती असते.

रोज निदान चार ओळी लिहीत जा, हाताला वळण राहील. दटावणं आणि जीव लावणं मी एकाच पाकिटात घालून पाठवते. तुला वेगळं करता येतं.

तुझी,
ताई

मंगळवार, १५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर बघून घाबरू नकोस. वाकडं आहे, पण माझंच आहे. सूनबाई लिहून देते म्हणाली. मी म्हटलं, ताईला दुसऱ्याच्या हातचं चालत नाही.

काल सोमवारी सहा आठवड्यांची भेट होती. त्यांच्या हिशेबाने आत्तापर्यंत सूज उतरून सगळं थंड व्हायला हवं होतं. रक्ताचे आकडे आले ते आधीपेक्षा वाईट. मोठ्या डॉक्टरांनी कागद दोनदा उलटसुलट केला आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. मला त्यांची दयाच आली. ग्रंथीला आवर घालायच्या गोळ्या सुरू केल्या आहेत, छातीच्या ठोक्यांसाठी वेगळ्या. ठोक्यांचा आलेखही काढला. हृदय ताल चुकतं आहे म्हणाले, पुढच्या आठवड्यात हृदयाचे डॉक्टर बघतील.

मग एका तरुण डॉक्टरीण बाईंनी मला बसवून घेतलं आणि लांबलचक यादी वाचली, बाहेरचं हे घेता का, ते घेता का. चांगली मुलगी आहे, प्रत्येक प्रश्नानंतर थांबायची. तिच्यासमोर माझी फाईल उघडी होती आणि सगळ्यांत वर तुझं पत्र होतं. तुझं गोल अक्षर मी दहा हातांवरून ओळखते. कुणीतरी समासात लाल शाईने खुणा केल्या होत्या. सूनबाई माझ्या शेजारीच बसली होती, तिनेही वाचलं असणार. मी सगळ्या यादीला नाही म्हटलं आणि खाली सही केली.

मास्तरांचा डोळा दुसऱ्या कारागिराने पुरा केला. परवा ते मुद्दाम दाखवायला आले. रंग माझा, शिरा त्याच्या. मी छान आहे म्हटलं. मास्तर म्हणाले, आरशात बघितलं की वाटतं, एका डोळ्याने मी बघतो आहे आणि दुसऱ्याने कुणी भलताच. ते हसले, मीही हसले. मग पॉलिशच्या खोलीत जाऊन बसले. मालकांनी आता महिनाभर घरीच विश्रांती घ्यायला सांगितलं आहे. या वेळी तात्पुरतं म्हणाले नाहीत. रंगांची पेटी मी घरी आणली. कारखान्याची नाही, माझी स्वतःची होती.

थेंबांची नवी बाटली आता पाठवू नकोस. आहे अजून, पुष्कळ आहे.

ताई, तू शाळेत कधी माझी चुगली केली नाहीस. एकदा तर सिस्टरने कुंडीतलं झाड का मेलं म्हणून विचारलं, तेव्हा तू छातीवर हात ठेवून सांगितलंस की उन्हाने. मला काल उगाच आठवलं.

थकले. दोन ओळी वाचून समाधान मान, बाकीच्या मनात लिहिल्या आहेत.

तुझी,
मुंगी

मंगळवार, ६ मे

ती. मावशींना,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या भाच्याने लिहायला हवं होतं. ते लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

रविवारी, २७ एप्रिलला सकाळी पावणेसातला आईंच्या हातून दुधाचा पेला पडला. मी धावत गेले तर त्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि पेल्याकडे बघत होत्या. उजवी बाजू गेली आहे, वाचाही. बेताल ठोक्यांमुळे हृदयात रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, असं डॉक्टर सांगतात. डोळे उघडे असतात, माणूस ओळखतात, डाव्या हाताने माझा पदर धरतात. तीन महिन्यांत जेवढं परत येईल तेवढंच येईल, आणि फार येईल असं कुणी म्हटलेलं नाही. उजव्या हाताबद्दल मी मुद्दाम विचारलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, त्याची आशा धरू नका.

आईंना रुग्णालयात काहीतरी ओळखीचं जवळ हवं म्हणून मी त्यांची रंगांची पेटी उघडली. तपकिरी रंगांच्या बाटल्यांच्या ओळीत, अगदी शेवटी, तुमच्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली बाटली होती. रोज तीन थेंब, दुधातून. तीन खोडून आईंनी वर पाच लिहिलं होतं. मी ती तशीच डॉक्टरीण बाईंकडे नेली. त्यांनी एका थेंबात किती आयोडीन असतं त्याचा गुणाकार कागदावर केला आणि कागद मोठ्या डॉक्टरांपुढे सरकवला. माणसाला दिवसाला लागतं त्याच्या दोनशेपट. जुन्या गाठीच्या ग्रंथीला एवढं मिळालं की ती थांबत नाही, बनवतच राहते. आणि ती आयोडीनने आधीच काठोकाठ भरलेली होती, म्हणूनच तपासणीच्या वेळी तिने आणखी ओढून घेतलं नाही. ते चित्र सुजेसारखं दिसलं आणि सगळे फसले. आवरायच्या गोळ्याही त्यामुळेच लागू पडेनात.

१४ एप्रिलला त्या यादीत आयोडीनचा प्रश्न होता, मावशी. शब्द तोच होता. मी शेजारी होते. आई जराशा थांबल्या, टेबलावरच्या तुमच्या पत्राकडे बघितलं आणि नाही म्हणाल्या. मला तेव्हा वाटलं, त्यांना प्रश्न कळला नाही.

बाटलीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत, प्रत्येकीपुढे तारीख. शेवटची रेघ १४ एप्रिलच्या सकाळची आहे. त्यानंतर बाटलीतला एक थेंबही कमी झालेला नाही. डॉक्टर म्हणतात, अंगात साठलेलं निघून जायला कितीतरी आठवडे लागतात. तेरा दिवसांनी काही होण्यासारखं नव्हतं.

माझं मीठ त्यांनी तपासलं. बरोबर होतं. तुमच्या पत्रातली ती ओळ मी त्याच दिवशी वाचली होती आणि आईंना कळू दिलं नव्हतं.

तुम्ही मे महिन्यात येणार होतात. तुमच्या भाच्याचं म्हणणं आहे, की आत्ता येऊ नये. मी त्यांना समजावलं नाही. खोटं कशाला लिहू, मलाही जमलं नाही.

तुमच्या तब्येतीला जपा. आईंनी सांगितलं असतं म्हणून लिहिते.

तुमची,
सून

विषय: गेल्या वर्षी रविवार, १३ ऑक्टोबर, दुपारी साडेचार वाजता माझ्या स्वयंपाकघरात घडलेला प्रकार.

शुक्रवार, १६ मे

चि. मुंगीस,
अ. आ.

हे पत्र सूनबाईने तुला मोठ्याने वाचून दाखवावं. तिच्याबद्दल मी जे लिहिलं होतं ते खोटं होतं. ते मी तिच्याच तोंडून तुझ्यापुढे म्हणवून घेते आहे, एवढी शिक्षा मला कमीच आहे. सूनबाई, इथे थांबू नकोस, पुढे वाच.

त्या रविवारी तू माझ्याकडे आली होतीस. दिवा लावला आणि तुझ्या गळ्याची गाठ दिसली. तू म्हणालीस, की आहे ती कधीचीच, काही त्रास देत नाही. मी तुझी हनुवटी वर धरली, जशी बाटलीसिस्टर धरायची, आणि तासाभरात गल्लीतून बाटली आणली. कुणाला विचारलं नाही. डिसेंबराच्या आधी काय बदललं, हे मी तुला मोठ्या तोऱ्यात विचारलं. नोव्हेंबरपर्यंत मागे गेले आणि तिथेच थांबले. आणखी तीन आठवडे मागे जायचं होतं. खिडकीच्या पलीकडे मीच उभी होते, म्हणून दिसलं नाही.

पुस्तकातलं ते पान मी वाचलं होतं, मुंगे. बोट ठेवून वाचलं होतं. आणि मग तीनाचे पाच केले.

अधीक्षकांचं उत्तर मुदतीच्या दोन दिवस आधी आलं. एवढ्या वर्षांत वेळेत उत्तर देणारं हे पहिलंच ऑफिस बघितलं. नम्र पत्र आहे. दाराशी उभं राहून बोलल्याबद्दल डॉक्टरांनी दिलगिरी लिहिली आहे. सोबत त्या यादीची नक्कल जोडली आहे. तेरावा प्रश्न आयोडीनचा. समोर नाही अशी खूण, आणि खाली तुझी सही, जिला मी सही म्हणाले नसते. तक्रार मी मागे घेतली. औषधवाल्याकडे गेले. तो म्हणाला, की त्याने मला दोनदा विचारलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं आहे का, आणि मी त्याला झापलं होतं. मला आठवत नाही. झापलं असणार.

आता तुझ्याविरुद्धची तक्रार. तुला त्या टेबलापाशी कळलं होतं. कळलं म्हणूनच तू दुसऱ्या दिवसापासून थेंब बंद केलेस आणि मला लिहिलंस, की नवी बाटली नको. मग तिथल्या तिथे तोंड का उघडलं नाहीस? माझं तीन पानी पत्र वर होतं म्हणून? मी चार लोकांत खोटी पडेन म्हणून? मला खोटं पडू द्यायचं होतंस! मी मेले नसते. कुंडीतलं झाड उन्हाने मेलं, असं मी तुझ्यासाठी एकदा म्हटलं होतं, ते आठ वर्षांच्या पोरीचं खोटं होतं. त्याची फेड तू अशी करावीस? डॉक्टर म्हणतात तेरा दिवसांनी काही फरक पडला नसता. म्हणोत. त्यांनी आधी सुजेचंही सांगितलं होतं. मला आता कुणाचंही खरं वाटत नाही, आणि माझं स्वतःचं तर नाहीच.

भाच्याने येऊ नको म्हटलं आहे. मी येणार नाही. पहिल्यांदाच कुणाचं तरी निमूट ऐकते आहे.

तुझा उजवा हात येणार नाही, हे मला समजलं आहे. वाचा येईल असं मी धरून चालत नाही. मास्तरांचा डोळा तूच पुरा करशील म्हणून मी शब्द दिला होता, पावतीसकट. तो शब्द मोडला, त्याची नोंद केली आहे. दिलासा देणारं एक वाक्य शोधत मी आठवडा घालवला. सापडलं नाही, तेव्हा लिहीत नाही.

पण उत्तर हवं आहे. आमच्याकडे नियम होता, की मुदतीत उत्तर आलं नाही तर समोरच्याचं काही म्हणणं नाही असं धरायचं आणि फाईल बंद करायची. मी अशा हजारो फायली बंद केल्या आहेत. ही मला तशी बंद करायची नाही. तुझं काही म्हणणं नाही, हे मी सोसणार नाही. माफीचं लिहू नकोस, ती तू दिलीस हे त्या बाटलीवर दिसतं आहे. मला तुझा राग हवा आहे. सत्तावन्न वर्षांत तो मला कधी मिळाला नाही.

सोबत कोरा कागद आणि पत्ता लिहिलेलं पाकीट आहे. पेन्सिल डाव्या हातात धर. सूनबाईने फक्त कागद धरायचा, हात धरायचा नाही. बाटलीवर मारायचीस तशी एक रेघ पुरे, वाकडी चालेल. कागद फाटला तर जास्त बरं.

आशीर्वाद द्यायचा माझा हात आता वर उचलवत नाही, तरी तो तुझ्याच डोक्यावर आहे, असं समज.

लेखी उत्तर सोमवार, २ जून, सकाळी अकरा वाजण्याच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.

तुझी,
ताई